पालथ्या बशा

इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि तिला चाळीसच्या चाळीस बशा उताण्या दिसल्या. झाकण वर, तळ खाली. तिने दार पुन्हा लावलं, तापमानाचा आकडा बघितला, सदतीस, आणि परत उघडलं. बशा उताण्याच होत्या. शहराचं पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काम करत होती, आणि अकरा वर्षांत डोळे मिटून करावी अशी एकच गोष्ट होती ती ही: बशीत नमुन्याचं पाणी, त्यावर कोमट, पातळ आगर, म्हणजे जीवाणूंना पोसणारी खळ, ते थिजलं की बशी पालथी, आणि पालथीच चोवीस तास उबेत. पालथी का, ते नव्या माणसाला ती थोडक्यात सांगायची. उबेने झाकणाला आतून घाम येतो. बशी उताणी असेल तर तो थेंब खाली पडतो, आणि आपापल्या जागी ठिपक्यासारखे वाढायचे ते जीव ओघळून एकमेकांत मिसळतात. मग मोजणार काय, कपाळ? एवढं सांगून ती पुढच्या टेबलाकडे वळायची. पालथी बशी हा तिच्या लेखी नियमही उरला नव्हता, सवय होती. चप्पल काढताना आधी डावी काढतो का उजवी, हे जसं कोणी ठरवत नाही.

तिच्या मागे थर्मामीटर येऊन उभे राहिले. प्रयोगशाळेतले हे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. सकाळी आल्या आल्या बाहेर किती अंश आहे ते कोणी न विचारता सांगायचे, म्हणून हे नाव पडलं होतं, आणि त्यांनी ते आनंदाने लावून घेतलं होतं.

“काय हो बाई, पाहुणे यायचेत का? बशा मांडून ठेवल्यात त्या.”

“माझ्याकडून झालं.”

“ते दिसतंच आहे. दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर एव्हाना तुम्ही त्याचं डोकं आत ठेवून दार लावलं असतंत.” ते वाकले, वरच्या कप्प्यातली एक बशी उचलून त्यांनी उजेडात तिरकी धरली. आगरावर एक पांढुरका ओघळ गेला होता, खिडकीच्या काचेवर पाणी उतरतं तसा. “घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे.”

“झोप होते का? मुलगी किती महिन्यांची झाली?”

“पाच. झोपते चांगली.”

“मग तुम्हीच झोपेत होता म्हणायचं,” ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

ती झोपेत नव्हती. बशा टेबलावर काढून ती एकेक वाचायला बसली. वाचायच्या म्हणजे खालून उजेड सोडून ठिपके मोजायचे. चाळीसपैकी एकतीस बशांत थेंब पडला होता. प्रत्येकीपुढे तिने नोंदवहीत एकच वाक्य लिहिलं, ‘वाचता आली नाही, पुन्हा नमुना घ्यावा.’ अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखं राहिलं याची तिने नोंद घेतली. पुन्हा नमुना घेणं अवघड नव्हतं. सकाळी गाडी निघेल, तेच नळ, त्याच टाक्या, फार तर चालक कुरकुर करील. पाणी वाहतंच असतं. काल दुपारी या बशा ठेवतानाचे आपले हात तिला आठवून बघायचे होते, पण ते आठवत नव्हते. आठवत होता तो शब्द. काल सकाळी ती मुलीला बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेली होती, आणि त्या बाईंनी मुलीला तपासणीच्या टेबलावर ठेवून, तिच्या गुडघ्याला नुसतं बोट लावून, ती स्वतःहून कशी कलते ते दाखवलं होतं. ‘पालथी व्हायला लागली की नाही? मग आता बांधणं बंद. आजपासून. झोपवताना पाठीवर, उताणीच, दर वेळी उताणी. गादी सपाट, घट्ट. उशी, लोड, खेळणी काही नको. दोन्हीकडे आपली आपण वळायला लागली की झोपेत वळली तरी काळजी नाही, पण ठेवायची उताणीच, आणि हात मोकळे.’ मग हात धुता धुता, कोणाला उद्देशून नव्हे अशा सुरात, ‘बांधलेलं मूल पालथं झालं तर त्याला तोंड वर काढता येत नाही. ढकलणार कशाने?’ उताणी, उताणी, उताणी. ती मुलीला घेऊन बाहेर आली, बाकावर बसलेल्या आईच्या हातात तिला दिलं, आणि तिथूनच प्रयोगशाळेत आली. शब्द तिच्याबरोबर आला होता. त्याला काय माहीत, घरात ठेवायचं ते उताणं आणि इथे ठेवायचं ते पालथं.

संध्याकाळी घरी जाऊन तिने आईला सांगितलं होतं. “डॉक्टर म्हणाल्या, आता बांधायचं नाही.” आई म्हणाली, “बरं.” हे ‘बरं’ ती लहानपणापासून ओळखत होती. समोरच्याचं बोलणं पोचलं एवढाच त्याचा अर्थ. पालथ्या घड्यावर पाणी, असं मावशी आईबद्दल म्हणायची. आज सकाळी ती निघाली तेव्हा मुलगी बिछान्यावर होती, मानेपासून टाचांपर्यंत गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना दोन उशा, आणि छातीवर मधोमध ती गाठ. “आमचं बोचकं निजलं,” आई हळूच म्हणाली होती. ती तशीच दाराकडे वळली. बसची वेळ झाली होती, असं तिने स्वतःला सांगितलं. मुलगी पाठीवर आहे, आई शेजारी बसून आहे. हे दोन्ही खरं होतं. पण घट्ट झाकणाच्या बाटलीतही खऱ्या पाण्याचाच नमुना असतो, आणि तरी तो खराब होतो.

आईने बत्तीस वर्षं पार्सल कचेरीत काढली होती. लोक खोकी आणून द्यायचे, आई ती कापडात शिवून, दोरी आवळून, गाठीवर लाख ओतून ठप्पा मारायची. गाठोडं हातात घेऊन एकदा उलटं करायचं, झटका द्यायचा, काही हललं नाही की पुढे सरकवायचं. ‘माझं एक पार्सल उसवून परत आलं नाही,’ हे निवृत्तीच्या दिवशीचं तिचं सगळं भाषण. नात महिन्याची असताना तिचा जावई सहा महिन्यांसाठी दुसऱ्या गावी जमीन मोजणीच्या कामावर गेला म्हणून ती लेकीकडे राहायला आली, आणि पहिल्याच दिवशी तिने नातीला गुंडाळलं ते बघण्यासारखं होतं. उजवं टोक डाव्या बगलेखाली, खालचं टोक वर, डावं टोक पाठीमागून फिरवून पुढे, गाठ. तीन घड्या, मोजून चार सेकंद. मूल रडता रडता थांबलं. पहिले तीन-चार महिने त्यात वावगं असं काही नव्हतं. उलट, तिला स्वतःला ते जमत नसे, तिच्या हातून मुलगी पाचव्या मिनिटाला सुटायची आणि नखांनी गाल ओरबाडायची. गेल्या शनिवारी मात्र जागेपणी, गादीवर खेळता खेळता, मुलगी एका कुशीवर गेली, क्षणभर तशीच राहिली, आणि पडली पालथी. एक हात पोटाखाली. तोंडावर नवल. ती स्वतः हसली, आणि हसता हसता तिने आईकडे पाहिलं. आई हसत नव्हती. आईने मुलीला उचललं, उताणं केलं, आणि भर सकाळी, झोपेची वेळ नसताना, दुपट्यावर दुपटं घालून बांधलं. त्या दिवसापासून उशा आल्या.

कारण तिला ठाऊक होतं. आईला मात्र ते तिला ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. तिच्या पाठीवरचा भाऊ साडेपाच महिन्यांचा असताना गेला होता. घरात त्याचा फोटो नव्हता, त्याच्याबद्दल बोलणं नव्हतं. बोलायचं नाही असंही कोणी म्हणालं नव्हतं. एकदा, ती दहा-अकरा वर्षांची असेल, शेजारच्या खोलीत आई मावशीला सांगत होती आणि मधलं दार नीट लागत नसे. “रात्रपाळी करून आले होते, हात चालत नव्हते. गाठ सैल राहिली. सुटली आणि पालथा पडला.” मावशी म्हणाली, “अगं, देवाघरचं ते.” आई म्हणाली, “नाही, गाठीचं.” एवढंच. त्यानंतर आईच्या हातची कुठलीच गाठ सैल राहिली नाही. शाळेच्या दप्तराचा पट्टा, वेण्यांच्या रिबिनी, गादीची गुंडाळी, सगळं असं आवळलेलं, की सोडताना नखं दुखायची. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या आईला कुलूप विकत घ्यावं लागत नसेल.

पण गाठ सैल नव्हती. हे जगात फक्त तिला माहीत होतं. चार वर्षांची ती उंबऱ्याशी बसली होती. आईने कचेरीतून आणलेले लाखेचे तुकडे ती लहान-मोठे लावत होती. ते अकरा होते. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. झोपण्याआधी म्हणाली होती, आवाज करू नकोस हं, शहाणी ना माझी. भाऊ खाली गादीवर. तिने मान वर केली तेव्हा भावाच्या छातीवरची गाठ दिसत नव्हती. पाठ दिसत होती. पाठीवरचं कापड ताणलेलं, गुळगुळीत, एकही घडी मोडलेली नाही. पार्सलाची ज्या बाजूला पत्ता लिहितात ती बाजू. तिला मौज वाटली. आता हा उलटा व्हायला शिकला, आई उठली की सांगू, असं तिच्या मनात आलं, आणि ती पुन्हा लाखेकडे वळली. त्यानंतर किती वेळ गेला ते तिला सांगता येत नव्हतं. अकरा तुकडे चार वर्षांच्या मुलाला लावायला किती वेळ लागतो, हे तिने मोठेपणी एकदा, शास्त्रीय कुतूहल म्हणावं अशा रीतीने, एका मैत्रिणीच्या मुलाला मणी देऊन बघितलं होतं. सहा मिनिटं. मग ते मूल उठून गेलं होतं. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून ती काल “डॉक्टर म्हणाल्या” एवढ्यावर थांबली होती. डॉक्टरांचं कारण आईला सांगणं म्हणजे आईने तीस वर्षं जपलेली गाठ तिच्याच हातून सोडवून घेणं. सैल बांधलं म्हणून गेला, हे आईने सोसलं होतं. त्याला निदान उपाय होता, घट्ट बांधणं. घट्ट होतं म्हणून गेला असेल, याला उपाय नव्हता. आणि हे सगळं न बोलता, आईच्या वतीने ठरवून, ती पाच महिन्यांच्या मुलीला गुंडाळलेल्या अवस्थेत ठेवून बस पकडायला निघाली होती. एकतीस नोंदी संपल्या. तिने पेनाला टोपण लावलं. आईचं मन न दुखावण्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न इतका सरळ होता की त्याला प्रश्न म्हणणंही ढोंग होतं.

“मी जाते,” ती थर्मामीटरना म्हणाली. “अर्ध्या दिवसाची रजा टाका.”

“नमुन्यांचं मी सांगतो गाडीवाल्याला. शिव्या तुमच्या नावावर जमा.” आणि ती दाराशी पोचल्यावर, “बाई, उद्या पालथ्या घाला म्हणजे झालं. एवढं काही बुडालं नाही.”

बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या बाकावरचा माणूस मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता. प्रत्येक धक्क्याला त्याचा एक हात मांडीवरून घसरायचा आणि तो न जागता परत ठेवायचा. झोपेतही माणूस किती गोष्टी हातांनी करतो, ती बघत राहिली. जिने चढताना तिने पायऱ्या मोजल्या नाहीत, पण श्वास लागला ते तिला कळलं.

दार आईने उघडलं, ओठांवर बोट ठेवून. “लवकर आलीस? आत्ताच डोळा लागलाय.”

“काल बशा उताण्या ठेवल्या मी. एकतीस फुकट गेल्या.”

“मग कशा ठेवायच्या असतात?”

“पालथ्या.”

आई तोंडाला पदर लावून हसली. “तुमचं सगळंच उफराटं बाई. इथे मी कालपासून ऐकतेय, पालथं नको, पालथं नको.”

मुलगी बिछान्यावर होती. उशा, दुपटं, गाठ. तिचा श्वास चालू होता. तिने उभ्या उभ्या पाच मोजले आणि मग खाली बसली. उशा काढून जमिनीवर ठेवल्या. गाठीला हात घातला. गाठ हलेना.

“अगं, काय करतेस? उठेल ती.”

“उठू दे.”

“हात मोकळे राहिले की बोचकारते. हा ओरखडा बघ, परवाचा, तू बांधलं होतंस तेव्हाचा. आणि वळायला लागली आहे आता. बांधलेली बरी. घट्ट असली की वळत नाही.”

“बांधलेली पण वळतात, आई.”

“सैल असलं तर.”

“घट्ट असलं तरी.”

“तुला काय माहीत?”

आईने हे भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. मीठ किती घातलंस, तसं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, असं उत्तर तयार होतं, ओठांशी होतं. तिने गाठीवरून नजर काढली नाही.

“मी बघितलंय,” ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर वर सरकवलं. आई बिछान्याच्या कडेला बसली. कोणाला, असं तिने विचारलं नाही. म्हणाली, “तू चार वर्षांची होतीस.”

“हो.”

“चार वर्षांच्या पोरीला काय कळतं?”

“कळत नाही. दिसतं.” मग, नोंदवहीत लिहितो तितक्याच शब्दांत, “गाठ सुटली नव्हती. खाली गेली होती. पाठीवर एक घडी मोडली नव्हती. तू नीट बांधलं होतंस.”

आई आपल्या तळव्यांकडे बघत होती. हळूहळू तिने दोन्ही हात छातीशी आणले, कोपरं अंगाला चिकटवली, जशी ती मुलाची चिकटवायची, आणि मान किंचित पुढे काढून पाहिली. पुन्हा एकदा. मग हात सोडले.

“म्हणजे हात मोकळे असते तर,” ती म्हणाली.

“सांगता येत नाही.”

“तू शिकलीस ना एवढं?”

“म्हणूनच. सांगता येत नाही, आई.”

आईने मान हलवली. “मला उठवायचंस,” ती म्हणाली. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू घ्यायची राहिली तर म्हणावं तसं.

“तू झोपली होतीस. आवाज करायचा नाही म्हणाली होतीस.”

“हं. म्हणाले होते.”

हात मोकळे असते तर. हाक मारली असती तर. ताडून बघायला दुसरा नमुना नव्हता, तेव्हाही नव्हता. या दोन्ही बशा वाचता येण्यासारख्या नव्हत्या, आणि पुन्हा नमुना घ्यावा असं लिहायची सोय नव्हती. हे आपण आत्ता इतक्या स्वच्छपणे मांडू शकतो याचं तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. आईने हात पुढे केला तेव्हा क्षणभर तिला वाटलं, तो आपल्याकडे येतोय.

हात गाठीकडे गेला. “बाजूला सर. तुला नाही सुटायची ती. तू दोन्ही टोकं ओढतेस.” आईने एकच टोक चिमटीत धरलं, वर नाही, आडवं ओढलं, आणि गाठ आवाज न करता नाहीशी झाली. “एवढंच असतं,” आई म्हणाली.

दुपटं बाजूला झालं तशी मुलगी दचकली. दोन्ही हात हवेत उडाले, बोटं पसरली, डोळे उघडले. तिने छत पाहिलं, मग आजीला, आणि हसायचं की रडायचं ते ठरायच्या आतच गुडघा वर घेऊन कलली. कुशीवर थांबली. पडली पालथी. तोंड गादीत. आईचा हात झेपावला आणि मुलीच्या पाठीवर वीतभर उंचीवर अडकला. तिने मनगट धरलं होतं, आईचं. तिच्या बोटांखाली आईची नाडी लागत होती, आणि सवयीने ती मोजायला लागली. एक. दोन. तीन. चार. पोटाखालचा हात सुटून बाहेर आला. दोन्ही तळवे गादीवर टेकले, कोपरं थरथरली, आणि ते मोठं, जड डोकं डुगडुगत वर आलं. हनुवटीवर लाळ. मुलीने समोरच्या भिंतीकडे फार गंभीरपणे पाहिलं.

“अगं बाई,” आई म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, “अगं बाई. असं करायचं असतं होय?”

नंतर दूध झालं, जांभया झाल्या. आईने तिला स्वतः बिछान्यावर ठेवलं, पाठीवर, आणि मोकळ्या गादीकडे बघत उभी राहिली. “रिकामं दिसतं गं.”

“रिकामंच हवं.”

“बरं,” आई म्हणाली. हे ‘बरं’ वेगळं होतं की तेच, हे तिला ओळखता आलं नाही. पण उशा आईनेच उचलून कपाटावर टाकल्या. दुपट्याच्या तिने घड्या घातल्या, तीन, कडेला कड जुळवून, आणि मांडीवर घेऊन बसली. मुलीचा डोळा लागला. हात वर, दोन्ही कानांशी, मुठी अर्ध्या उघड्या. झोपेतच एक मूठ गालावरून फिरली आणि परवाच्या ओरखड्याशेजारी एक बारीक तांबडी रेघ उमटली. ती मूठ धरायला या वेळी आईचा नव्हे, तिचाच हात पुढे झाला.

आईने दुपट्यावरून नजर न उचलता म्हटलं, “राहू दे. बोचकारू दे तिला.”